हवा आली कुठून? जुन्या गाडीच्या मऊ ब्रेक पेडलचं निदान, समुद्राकाठच्या गाडीवाल्यांसाठी

धोपाव्याच्या धक्क्यावरून दाभोळची फेरीबोट पकडायची म्हणजे आधी उतार उतरावा लागतो. ओहोटी असली की उताराच्या टोकाला शेवाळ उघडं पडतं, आणि त्याच्या पुढे बोटीचा लोखंडी रॅम्प. दोन वर्षांपूर्वी नवरात्रात मी तिथे माझी प्रीमियर पद्मिनी घेऊन रांगेत होतो. पुढची जीप सरकली, मी गाडी सोडली, ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल निम्म्याच्या खाली गेलं. पायाखाली ओला स्पंज दाबावा तसं. दुसऱ्यांदा दाबल्यावर ब्रेक लागला. मधल्या वेळात हात आपसूक हँडब्रेकवर गेला होता, आणि मागे बसलेल्या आईला यातलं काहीही कळलं नव्हतं.

गॅरेजमध्ये दाखवलं. "हवा धरलीय, काढून देतो," म्हणाले. हवा काढली, पेडल वर आलं, आठ दिवस छान गेले. नवव्या दिवशी पुन्हा तेच. पुन्हा हवा काढली. तिसऱ्या वेळी तिथल्या मुलाने घाईघाईत पेडल तळापर्यंत दहा-पंधरा वेळा दाबलं, आणि त्यानंतर नवीनच दुखणं सुरू झालं: गाडी उभी असताना पाय ठेवला की पेडल हळूहळू खाली बसायला लागलं. एका बिघाडाचे दोन झाले.

हवा होती, हे खरंच होतं. पण ती आली कुठून, हे तीन वेळांत कुणी विचारलं नाही. ब्रेकच्या बंद नळीत हवा स्वतःहून जन्माला येत नाही. ती आत येते तेव्हा कुठेतरी तेल बाहेर तरी जात असतं, नाहीतर एखादं रबर हवा आत ओढत तरी असतं. शिवाय मऊ पेडलची निम्मी कारणं हवेशी संबंधितच नसतात. म्हणून निपलला, म्हणजे चाकाजवळच्या हवा काढायच्या स्क्रूला, पाना लावण्याआधी निदान करायचं. खाली दिलेला क्रम मी माझ्या गाडीवर आणि नंतर ओळखीच्यांच्या दोन-तीन ड्रम ब्रेकच्या गाड्यांवर वापरला आहे. चारही चाकांना ड्रम असलेली पद्मिनी किंवा जुनी अँबेसेडर डोळ्यांपुढे ठेवून लिहितो आहे. पुढे डिस्क असली तरी बहुतेक गोष्टी लागू पडतात.

आधी गाडी नीट उभी करा

या गाड्यांत, विशेषतः जुन्या मॉडेलांत, चारही चाकांना मिळून तेलाचं एकच सर्किट, म्हणजे नळ्यांची एकच जोडलेली वाट, असतं. एका ठिकाणी नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो, हाती उरतो फक्त हँडब्रेक. म्हणून पेडल मऊ लागलं त्या दिवसापासून निदान होईपर्यंत गाडी अंगणाबाहेर काढायची नाही. "बाजारापर्यंतच जाऊन येतो" हेसुद्धा नाही.

सपाट खळ्यात गाडी उभी करा, चाकांना दोन्ही बाजूंनी चिरे लावा. चिरा चाक अडवायला उत्तम, पण जॅकने उचललेली गाडी चिऱ्यावर टेकवायची नाही. जांभा ठिसूळ असतो, एका जागी भार आला की कडेने सुटतो, आणि पावसात भिजलेला तर लवकरच. लोखंडी स्टँड वापरा, आणि स्टँडखाली जाड फळी घाला. पावसाळ्यानंतरची लाल माती वरून कडक दिसते, आत मऊ असते.

ड्रम उघडल्यावर आतली काळी धूळ तोंडाने किंवा कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये (ड्रमला आतून घासणाऱ्या ब्रेकच्या अस्तरात) अॅस्बेस्टॉस असायचं, आणि ते फुफ्फुसाला घातक आहे. पाण्याचा फवारा मारून धूळ ओली करा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. मुलांना त्या वेळी जवळ येऊ देऊ नका.

पाय काय सांगतो ते ऐका

गाडी जागेवर, इंजिन बंद. सावकाश पेडल दाबा. मऊ पेडल म्हणून आपण ज्याला नाव देतो त्यात चार वेगवेगळी दुखणी लपलेली असतात, आणि ती पायाला वेगवेगळी लागतात.

एक, पेडल स्प्रिंगसारखं लागतं. दाबत जाल तसं थोडं-थोडं घट्ट होतं, पण दगडासारखा थांबा कधी येतच नाही. ही बहुधा हवा. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, आणि पायाची ताकद चाकापर्यंत जाण्याऐवजी बुडबुडे चेपण्यात खर्च होते.

दोन, पेडल बरंच खाली जातं, पण तिथे गेल्यावर ठाम थांबतं. हे मऊ नाही, हे खोल आहे. लायनर झिजून ड्रमपासून लांब गेले आहेत, आणि व्हील सिलिंडरच्या (चाकात बसून लायनर ड्रमकडे ढकलणारा छोटा सिलिंडर) पिस्टनला जास्त चालावं लागतं आहे. इथे हवा काढून काहीही होणार नाही.

तीन, पेडल वरच ठाम लागतं, पण पाय तसाच ठेवला की हळूहळू खाली बसत जातं. एक तर तेल बाहेर गळतं आहे, किंवा मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबल्यावर तेल ढकलणारा मुख्य सिलिंडर) आतलं रबर, म्हणजे ज्याला गॅरेजवाले बकेट म्हणतात ते, दाब धरत नाही आणि तेल मागच्या बाजूला निसटतं आहे.

चार, सकाळी उत्तम असलेलं पेडल घाट उतरताना मऊ होतं आणि गाडी थंड झाल्यावर पुन्हा ठीक. हे वेगळंच प्रकरण आहे, त्याकडे पुढे येतो.

तिसरा प्रकार ओळखताना बरेच जण चुकतात. आपण परीक्षा म्हणून पेडल जोरात दाबतो. झिजलेल्या बकेटच्या कडा जोराच्या दाबाने सिलिंडरला चिकटतात आणि पेडल टिकतं. पाय अगदी हलका ठेवला की तीच कड सैल राहते आणि तेल निसटतं. म्हणून दोन्ही करा: आधी पूर्ण ताकदीने एक मिनिट, मग उतारावर गाडी फक्त धरून ठेवायला जेवढा लागेल तेवढ्याच हलक्या पायाने एक मिनिट. माझ्या गाडीत जोराने दाबलं की पेडल टिकायचं, हलक्या पायाखाली मात्र चाळीस-पन्नास सेकंदांत दोन बोटं खाली जायचं.

तुमच्या गाडीला व्हॅक्यूम बूस्टर असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबून धरून ठेवलं आणि मग इंजिन सुरू केलं, तर पेडल किंचित खाली जातं. तो बिघाड नाही, बूस्टर काम करतो आहे.

झाकण उघडा आणि बघा

तेलाच्या डब्याचं झाकण उघडण्याआधी भोवतीची धूळ ओल्या फडक्याने पुसा. काही जुन्या गाड्यांत, मॉरिस मायनरसारख्या, मास्टर सिलिंडर पायाखालच्या पत्र्याच्या खाली असतो. तिथे झाकणाभोवती वर्षानुवर्षांची माती बसलेली असते, आणि त्यातला एक खडा आत पडला तर नवीन बकेटही फुकट जाते.

पातळी कमी असेल तर भर घालून झाकण लावू नका. आधी कारण शोधा. लायनर झिजतात तशी पातळी थोडीशी उतरते, पण ती वर्षभरात. महिन्यात उतरली तर गळती आहे. आतलं तेल पांढऱ्या काचेच्या बाटलीत थोडं काढून उजेडात धरा. नवीन तेल फिकट पिवळट असतं. कोऱ्या चहासारखं दिसलं तर जुनं झालं. काळं असेल आणि तळाशी बारीक कण बसत असतील तर रबर झिजतं आहे. तांबूस गाळ असेल तर आत गंज आहे.

झाकणाच्या आतल्या बाजूला रबराची चकती असेल तर ती हाताने चाचपा. फुगलेली, बुळबुळीत, जागेवर न बसणारी असेल तर कुणीतरी कधीतरी यात इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टीअरिंगचं तेल ओतलं आहे. खनिज तेलाने ब्रेकचं रबर फुगतं. असं असेल तर अर्धवट उपाय नाही: सगळी बकेट, सगळ्या होज पाइप (लवचिक रबरी नळ्या) बदलायच्या, आणि धातूच्या नळ्या मेथिलेटेड स्पिरिटने धुवून, पूर्ण वाळवून घ्यायच्या. खर्च होतो, मान्य. पण एक फुगलेलं बकेट बदललं आणि बाकीची ठेवली तर उरलेली एक-एक करून रस्त्यात दगा देतील.

आता पंप मारून बघा

पेडल पटापट तीन-चार वेळा दाबा आणि शेवटच्या वेळी धरा.

पहिल्यापेक्षा तिसऱ्या वेळी पेडल बरंच वर आलं आणि ठाम लागलं, तर लायनर आणि ड्रममधलं अंतर वाढलं आहे. वर आलं पण अजून स्प्रिंगसारखंच आहे, तर हवा. कितीही पंप मारले तरी काहीच फरक नाही आणि लवचिकपणा तोच, तर होज पाइप फुगते आहे, लायनर ड्रमला नीट टेकत नाहीत, किंवा पेडलच्या खटक्याची पिन नाहीतर मास्टर सिलिंडरचे बोल्ट ढिले आहेत. ही शेवटची गोष्ट तपासायला सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी. एकाला पेडल दाबायला सांगा आणि बॉनेटखाली बघा. मास्टर सिलिंडर आणि त्याच्या मागचा पत्रा हलताना दिसतो का? कोकणात त्या पत्र्याच्या सांध्यात गंज लागून तो कागदासारखा लवतो, आणि माणूस महिनोन्महिने हवा काढत बसतो.

मागच्या चाकांसाठी एक झटपट परीक्षा आहे. हँडब्रेक दोन-तीन खटके वर ओढा आणि मग पेडल दाबा. पेडल लक्षणीय वर आलं तर मागच्या शूचं (लायनर ज्यावर बसवलेलं असतं ती वक्र पट्टी) अंतर वाढलं आहे, कारण हँडब्रेकने ते शू आधीच ड्रमजवळ आणून ठेवले. अर्थात हँडब्रेक मागच्या शूवरच काम करत असेल तरच ही परीक्षा चालते.

हवेची खात्री करायची असेल तर झाकण काढून, भोवतालचा रंग झाकून, सोबत्याला पेडल दहा-बारा वेळा पटापट दाबून धरायला सांगा, मग एकदम सोडायला सांगा. आत हवा दाबली गेलेली असेल तर ती सुटताना डब्यातलं तेल कारंज्यासारखं उसळतं. तोंड लांब ठेवा, चष्मा घाला. तेल रंगावर उडालं तर लगेच भरपूर पाणी ओता. हे तेल रंग खातं, पण पाण्यात विरघळतं, त्यामुळे लगेच धुतलं तर डाग राहत नाही.

दोष कुठल्या टोकाला आहे

हा या सगळ्या कामाचा गाभा आहे. पद्मिनीसारख्या गाडीत तीन रबरी होज पाइप असतात: पुढच्या दोन चाकांना एक-एक, आणि मागच्या अॅक्सलला मिळून एक. होज दाबून बंद करायच्या गोल कडांच्या क्लॅम्पने तिन्ही बंद करा आणि पेडल दाबा.

पेडल एकदम वर आणि दगडासारखं लागलं, तर मास्टर सिलिंडर निर्दोष आहे, दोष पुढे कुठेतरी आहे. आता एक-एक क्लॅम्प काढत जा. ज्याच्या सुटण्याबरोबर पेडल खाली जातं, त्या चाकाकडे दोष. तिन्ही बंद असतानाही पेडल खाली बसत असेल, तर दोष मास्टर सिलिंडरमध्ये किंवा त्याच्या जवळच्या नळीत.

साध्या व्हाइसग्रिपने होज चेपू नका, आतलं कापड तुटतं. आणि होज जुनी, कडक झालेली, वरून बारीक भेगा पडलेली असेल तर क्लॅम्प लावण्याचा विचारच नको. ती आधी बदला. भेगा बघायला होज हाताने थोडी वाकवून बोटाने कड फिरवा, डोळ्याला न दिसणारी भेग बोटाच्या टोकाला लागते. सोबत्याला पेडल जोरात दाबायला सांगून होजभोवती मूठ धरली, तर फुगणारी होज हातात जिवंत असल्यासारखी जाड होताना जाणवते. एकदा ते जाणवलं की पुन्हा विसरत नाही.

व्हील सिलिंडर: इथे थांबा, घाई करू नका

माझ्या गाडीत तिन्ही क्लॅम्प लावून पेडल घट्ट झालं, आणि मागचा क्लॅम्प काढल्यावर खाली गेलं. (मास्टर सिलिंडर तोवर नवीन बसवून झाला होता, त्याची गोष्ट पुढे.) डावा मागचा ड्रम काढला. वरून सगळं कोरडं. बॅक प्लेटवर (ड्रमच्या मागच्या पत्र्यावर) तेलाचा थेंब नाही, चाकाच्या आतून ओघळ नाही. गॅरेजवाल्यांनीही इथवर बघून "गळती नाही" म्हटलं होतं.

मग व्हील सिलिंडरच्या टोकाचं रबरी बूट बारीक स्क्रू ड्रायव्हरने हलकेच उचललं. आतून तेलाचा एक ओघळ बाहेर आला, त्यात गंजाचे तांबडे कण. पिस्टन काढला. आतल्या गुळगुळीत भिंतीवर, पिस्टन जिथे रोज थांबतो त्या जागेच्या अगदी पुढे, अर्धचंद्रासारखा खडबडीत पट्टा होता. नखाने ओरखडलं तर नख अडकत होतं. पावसाळ्याचे चार महिने गाडी मांगराच्या कडेला उभी होती. तेलाने ओढून घेतलेल्या पाण्याने सिलिंडरमध्ये गंज चढला. नवरात्रात गाडी काढून ब्रेक दाबला की बकेटची कड त्या गंजावरून घासायची. दाबताना थेंबभर तेल बाहेर, सोडताना बुडबुडाभर हवा आत. आठ दिवसांत पेडल पुन्हा मऊ.

म्हणून प्रत्येक बूट उचलून बघाच. बाहेरून कोरडं म्हणजे आतून कोरडं नव्हे. बूटच्या आत किंचित ओल असेल तरी तो सिलिंडर काढायचा. आतल्या भिंतीवर नुसती झाक असेल तर हलकं होनिंग, म्हणजे आतून घासून गुळगुळीत करणं, चालतं. नख अडकेल असा खड्डा असेल तर सिलिंडर बदला, किंवा जुना भाग मिळतच नसेल तर पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह, म्हणजे आतून बसणारी नवी नळी, घालून घ्या. खड्ड्यावर नवीन बकेट बसवणं म्हणजे कानशीवर रबर घासणं.

नवीन किट घेताना रबर हाताने चाचपून घ्या. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी २०२३ साली रस्त्यावरून गेल्या, आणि दुकानांत अनेकदा जुना माल मिळतो. पाकीट न उघडलेलं असलं तरी आतलं रबर वयाने कडक होतं. बोटांत दाबलं की लगेच मूळ आकारात यायला हवं. बसवताना ब्रेक ऑइलच लावा, ग्रीस किंवा रॉकेल कधीच नाही. बूटच्या आत मात्र खास रबर ग्रीस लावलं तर खारी हवा आत शिरत नाही.

सिलिंडर बदलल्यावर हवेचं निपल वरच्या बाजूला आलं आहे ना, ते बघा. डावा-उजवा अदलाबदल झाला आणि निपल खाली आलं, तर हवा वर अडकून बसते आणि तुम्ही दिवसभर काढली तरी निघत नाही.

मास्टर सिलिंडर आणि लाकडाचा ठोकळा

जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टन रोज फक्त वरच्या भागात चालतो. खालचा भाग वर्षानुवर्षं वापरात नसतो, आणि तेलातल्या पाण्याने तिथे गंज आणि चिकट थर साठतो. हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबलं की बकेट त्या गंजावरून ओढली जाते आणि कड फाटते. माझ्या गाडीत तिसऱ्यांदा हवा काढताना हेच झालं. दुरुस्तीला दिलेल्या गाडीत दुरुस्तीनेच नवा बिघाड आला.

उपाय साधा आहे: हवा काढताना पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे पेडल नेहमीच्या अंतरापेक्षा फार खाली जाणार नाही. तुमच्या गॅरेजवाल्यालाही हे आवर्जून सांगा. न रागावता, पण ठामपणे.

पेडल आणि पिस्टनमधल्या दांडीला थोडी ढील लागते, हाताने पेडल हलवलं की सुरुवातीला किंचित मोकळं जाणवायला हवं. ती ढील काढून पेडल "वर आणण्याचा" मोह टाळा. ढील गेली की पिस्टन पूर्ण मागे येत नाही, तेल परतायचं बारीक छिद्र झाकलं जातं, आणि ब्रेक तापून आपोआप धरू लागतात.

नळ्या, आणि समुद्र

लोखंडी ब्रेक पाइप जिथे क्लिपने अॅक्सलला किंवा चॅसीला धरलेली असते, तिथेच ती सडते. क्लिपच्या आत फेरीच्या रॅम्पवर उडालेलं खारं पाणी आणि लाल माती धरून राहते. बाहेरून क्लिप ठीक दिसते. ती उघडून नळी तारेच्या ब्रशने घासा. खड्डे दिसले तर बदला. नवीन नळी तांबे-निकेल मिश्रधातूची घ्या, खाऱ्या हवेत ती लोखंडी नळीपेक्षा कितीतरी जास्त टिकते. बाजारात मिळणारी साधी तांब्याची नळी थरथरीने कडक होऊन तडकते, ती नको. फेरीतून उतरलात की घरी आल्यावर गोड्या पाण्याने चाकांच्या आतून धुवा, एवढी एक सवय पुष्कळ वर्षं वाचवते.

शू जवळ आणणे

पेडल खोल पण ठाम असेल तर हे आधी करा, हवा नंतर. काही गाड्यांत अॅडजस्टर बॅक प्लेटच्या मागे, पान्याने फिरवायचा, काहींत ड्रमच्या छिद्रातून स्क्रू ड्रायव्हरने. चाक हाताने फिरवत अॅडजस्टर घट्ट करा, चाक अडलं की मागे सोडत जा, जेमतेम घासणं थांबेपर्यंत. एका चाकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी राहिलं तर गाडी एका बाजूला ओढेल.

नवीन लायनर घातल्यावर पेडल स्प्रिंगसारखं लागत असेल तर लायनरचा वक्र आणि ड्रमचा वक्र जुळत नाही, विशेषतः ड्रम लेथवर फिरवून मोठा झाला असेल तर. लायनरवर पांढरा खडू फासा, ड्रम चढवा, ब्रेक हलका लावून चाक फिरवा, ड्रम काढून बघा. खडू फक्त दोन टोकांना किंवा फक्त मध्ये पुसला गेला असेल तर शू वाकतो आहे, आणि ते वाकणं तुमच्या पायाला हवेसारखं लागतं.

आता हवा काढा

गळती बंद झाली, शू जवळ आले, मगच. निपल समुद्राकाठी हमखास गंजलेली असतात. आदल्या संध्याकाळी गंज सोडवायचं तेल मारून ठेवा आणि बरोबर मापाचा सहा बाजूंचा पाना लावा, नाहीतर कोपरे गोल होतात.

एकच सर्किट असलेल्या, स्टीअरिंग उजवीकडे असलेल्या गाडीत मास्टरपासून लांबचं चाक आधी: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. दोन सर्किट असतील तर कंपनीचा क्रम पाळा. निपलवर पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या नवीन तेलात बुडवलेलं. माझी मुलगी पेडलवर बसते.

"दाब सावकाश."

"दाबलं, बाबा."

"धर. सोडू नको हं."

मी निपल पाव फेरा सैल करतो. नळीतून आधी चहाच्या रंगाचं तेल येतं, मग मोहरीएवढे बुडबुडे, एकामागोमाग.

"बाबा, खाली ठोकळ्याला लागलं."

मी निपल घट्ट करतो आणि मगच म्हणतो, "आता सोड." हा क्रम उलटला तर हवा परत आत जाते. दर पाच-सहा दाबांनंतर डब्यात तेल बघा. डबा रिकामा झाला तर सगळं पहिल्यापासून. बुडबुडे थांबले आणि तेल फिकट आलं की पुढचं चाक. शेवटी निपलवर रबरी टोप्या घाला.

तेल कोणतं? डॉट ३ किंवा डॉट ४ (डब्यावर लिहिलेला ब्रेक तेलाचा दर्जा). ताज्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषल्यावर तो १४० वर येऊ शकतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. हे तेल हवेतली ओल ओढतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ओलीची कमतरता नाही. म्हणून लहान डबा घ्या, उघडून वर्षभर ठेवलेलं वापरू नका, आणि दोन वर्षांनी सगळं बदला. सिलिकॉनचं डॉट ५ ओल ओढत नाही म्हणून काही जण सुचवतात. मला ते इथे पटत नाही: आत शिरलेलं पाणी त्यात मिसळत नाही, सगळ्यात खालच्या सिलिंडरमध्ये वेगळं साठतं आणि तिथेच गंजवतं. आणि जुन्या तेलात ते मिसळायचं तर कधीच नाही.

घाटात मऊ होणारं पेडल

हेळवाकहून पोफळीकडे कुंभार्ली घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला की ड्रम तापतात, उष्णता व्हील सिलिंडरपर्यंत जाते, आणि जुन्या तेलातलं पाणी उकळून वाफ होते. वाफ हवेसारखीच दाबली जाते. पेडल अचानक तळाला जातं, अर्ध्या तासाने पुन्हा ठीक. खाली गॅरेजमध्ये दाखवलं तर सगळं व्यवस्थित! याचा इलाज नवीन तेल आणि दुसऱ्या गिअरमध्ये घाट उतरणं. पेडल मात्र घट्टच आहे पण गाडी थांबत नाही, असं असेल तर ते लायनर तापून गुळगुळीत झाल्याचं लक्षण. तिथे तेल बदलून उपयोग नाही. घाटात पेडल गेलं तर पटापट पंप मारा, गिअर उतरवा, हँडब्रेक टप्प्याटप्प्याने ओढा आणि डोंगराच्या बाजूला घ्या.

चाचणी

इंजिन बंद ठेवून एक मिनिट जोराने, एक मिनिट हलक्या पायाने. मग अंगणात, चालण्याच्या वेगाने, हात हँडब्रेकवर. मग सपाट, मोकळ्या रस्त्यावर. पहिले आठ दिवस घाट नाही, धक्का नाही. डब्यावर तेलाच्या पातळीला चिकटपट्टी लावून रेघ मारा, त्यावर तारीख लिहा, आणि रोज सकाळी गाडी काढण्याआधी ती रेघ बघा. प्रत्येक बूट पुन्हा एकदा, आठव्या दिवशी, उचलून बघा. माझ्या गाडीची रेघ महिनाभर जागची हलली नाही, तेव्हा मी आईला घेऊन पुन्हा धोपाव्याच्या उतारावर गेलो.